पडद्यावरचं आणि चित्रांमधलं बुद्धिबळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसाला शेजारी बसवून सिनेमा पाहू नये, असं आमच्या घरात म्हणतात. नायिका रडत असते आणि आमचं लक्ष तिच्या मागच्या पटावर असतं. या सवयीमुळे ओळखीपाळखीचे लोक जे प्रश्न विचारत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. शेवट आधी कळलेले चालत नसतील, तर ‘शतरंज के खिलाडी’बद्दलचं उत्तर सिनेमा पाहून झाल्यावर वाचा.

सिनेमात पट दिसला की दिग्दर्शकाला नेमकं काय सुचवायचं असतं?

बहुतेक वेळा एवढंच की हा माणूस हुशार आहे. खलनायकासमोर पट असेल तर तो धूर्त आहे आणि पुढच्या पाच खेळ्या त्याच्या डोक्यात तयार आहेत. संवाद न लिहिता काम भागतं, म्हणून ही युक्ती इतकी झिजली आहे. ‘कॅसाब्लांका’त (१९४२) रिक पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो एकटाच पटावर बसलेला असतो. तिथे मात्र ते शोभतं. एक तर त्या माणसाचा एकटेपणा त्यातून कळतो आणि दुसरं म्हणजे रिकचं काम करणारा हम्फ्री बोगार्ट खरोखर चांगलं खेळायचा. सोंगटी धरणारा हात सरावाचा आहे की नाही, हे लगेच ओळखू येतं.

‘द वायर’ या अमेरिकन मालिकेत पटाचा वापर याच्या उलट आहे. बाल्टिमोरमध्ये गल्लीत अमली पदार्थ विकणारी दोन पोरं बुद्धिबळाच्या सोंगट्यांनी चेकर्स हा त्याच पटावरचा सोपा खेळ खेळत बसलेली असतात. त्यांचा म्होरक्या त्यांना खरा खेळ शिकवतो आणि शिकवताना त्यांच्याच धंद्याची उतरंड समजावून देतो. राजा राजाच राहतो, प्यादी आधी मरतात. इथे हुशारीचा काही संबंध नाही. कोण कुठल्या घरात जन्मला आणि तिथून किती सरकू शकतो, एवढाच प्रश्न आहे. पडद्यावर बुद्धिबळ शिकवण्याचे जे प्रसंग मी पाहिले, त्यात मला हा सगळ्यात चांगला वाटतो.

पट चुकीचा मांडलाय हे कसं ओळखायचं?

दोन गोष्टी पाहा. खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं. आणि सुरुवातीला वजीर आपल्या रंगाच्या घरात हवा, म्हणजे पांढरा वजीर पांढऱ्या घरात आणि काळा काळ्या घरात. जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठं, मालिकांमधले दिवाणखाने यांत पहिली चूक इतक्या वेळा सापडते की आता मी मोजणं सोडून दिलं आहे. पट नव्वद अंशांत फिरवला तरी ज्याला खेळ येत नाही त्याला तो तसाच दिसतो, त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळी कुणी हटकत नाही.

आणि राजा आडवा पाडणं, ‘शह आणि मात!’ असं गरजणं?

नाटकीपणा. स्पर्धेत डाव सोडणारा खेळाडू हात पुढे करतो किंवा घड्याळ थांबवतो. शह दिला हे तोंडाने सांगायची सक्ती नसते. खरी गंमत पुढेच आहे. सिनेमातल्या महान खेळाडूला आपल्यावर मात होतेय हे मात झाल्यावर कळतं. वास्तवात त्या दर्जाचा खेळाडू कित्येक खेळ्या आधीच डाव सोडून उठलेला असतो.

सिनेमातले डाव खरे असतात का?

चांगल्या सिनेमांत बऱ्याचदा असतात, आणि ते शोधून काढण्यात वेगळीच मजा आहे.

‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) या बाँडपटात क्रोनस्टीन नावाचा खलनायक व्हेनिसमधल्या स्पर्धेत एक डाव जिंकतो. पटावरची स्थिती १९६० साली लेनिनग्राडमध्ये बोरिस स्पास्कीने डेव्हिड ब्रॉनस्टीनला हरवलं त्या डावातली आहे. फक्त मधली दोन पांढरी प्यादी गायब केली आहेत. मूळ डाव इतका देखणा आहे की ती दोन प्यादी खटकतात.

‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) कृत्रिम माणसं बनवणाऱ्या टायरेल या उद्योगपतीला जी मात दिली जाते, तिच्या शेवटच्या खेळ्या १८५१ साली लंडनमध्ये झालेल्या अँडरसन आणि किझेरित्स्की यांच्या ‘अमर डावा’च्या आहेत. त्या डावात अँडरसनने दोन्ही हत्ती, एक उंट आणि शेवटी वजीरही देऊन मात केली होती. मरण टाळता यावं म्हणून आपल्या निर्मात्याला भेटायला आलेल्या कृत्रिम माणसाच्या कथेत ‘अमर डाव’ वापरणं हे नुसतं सजावटीसाठी नाही. सोंगट्यांची मांडणी मात्र त्या खेळ्यांशी जुळत नाही.

सगळ्यात जास्त वाद ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’वर (१९६८) होतात. अंतराळयानावरचा हॅल हा संगणक फ्रँक पूल या अंतराळवीराशी खेळतो. डाव १९१० साली हॅम्बुर्गमध्ये झालेला, रोश विरुद्ध श्लागे. हॅल शेवटची चाल सांगताना वजिराचं घर चुकीचं सांगतो. जुन्या पद्धतीने ‘सहा’ म्हणायला हवं तिथे तो ‘तीन’ म्हणतो. फ्रँक पटाकडे एकदा पाहतो आणि हार मानतो. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक स्वतः पट्टीचा खेळाडू होता, तरुणपणी न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये तासन्‌तास खेळत बसायचा. म्हणून अनेकांना वाटतं की ही चूक मुद्दाम ठेवली आहे: यंत्र बिघडायला लागलंय किंवा माणसाची परीक्षा घेतंय, आणि माणसाला त्याचा पत्ता नाही. सिनेमाची पुढची गोष्ट पाहिली तर मलाही तसंच वाटतं. कुब्रिकच्या हातून असली चूक नकळत सुटेल हे पटत नाही.

पहिल्या ‘हॅरी पॉटर’पटातला (२००१) फुटणाऱ्या सोंगट्यांचा डाव अमेरिकन बुद्धिबळ-लेखक जेरेमी सिल्मन यांनी खास रचला होता.

‘द क्वीन्स गँबिट’ची नायिका खरी होती का?

नाही. बेथ हार्मन हे वॉल्टर टेव्हिस यांच्या १९८३ च्या कादंबरीतलं काल्पनिक पात्र आहे. सात भागांची मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आली. डावांसाठी माजी विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह आणि प्रशिक्षक ब्रूस पँडोल्फिनी सल्लागार होते, आणि ते जाणवतं. शेवटच्या डावाचा पाया १९९३ साली स्वित्झर्लंडमधल्या बील शहरात वुल्फ आणि इव्हान्चुक यांच्यात झालेल्या डावाचा आहे, पुढे तो बदलला आहे.

मालिका गाजली ती टाळेबंदीत. लोक घरी अडकलेले होते, मोबाइलवर पट उघडता येत होता, त्यामुळे पाहणाऱ्यांपैकी पुष्कळजण लगोलग खेळायलाही लागले.

पण एक गालबोट लागलं. शेवटच्या भागात नोना गाप्रिंदाश्विली यांचं नाव घेऊन समालोचक म्हणतो की त्या महिला विश्वविजेत्या आहेत, पण पुरुषांशी कधी खेळल्या नाहीत. हे साफ खोटं. जॉर्जियाच्या नोना मालिकेची गोष्ट घडते त्या काळापर्यंत डझनावारी पुरुषांशी खेळल्या होत्या, ग्रँडमास्टरांशीसुद्धा, आणि १९७८ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ऐंशी वर्षांच्या नोनांनी २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर पन्नास लाख डॉलरचा दावा ठोकला. २०२२ मध्ये तडजोड झाली. एका काल्पनिक मुलीला थोर ठरवायला एका खऱ्या बाईचं कर्तृत्व खोडायची काय गरज होती?

आपल्याकडे याच्याशी जुळणारी खरी गोष्ट आहे. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये, कोवळ्या वयात, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि त्यावरून रण माजलं. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणी ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली. तिघींनीही राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. एका मराठी घरातल्या तीन बहिणी, वडील वृत्तपत्राचे संपादक, काळ सत्तरचं दशक. पटकथेला आणखी काय हवं असतं कळत नाही.

‘शतरंज के खिलाडी’ बुद्धिबळाबद्दल आहे की राजकारणाबद्दल?

दोन्ही. आणि बुद्धिबळावरचा कुठला सिनेमा पाहावा असं कुणी विचारलं तर मी पहिलं नाव याचंच घेतो.

प्रेमचंदांची कथा १९२४ ची, सत्यजित राय यांचा सिनेमा १९७७ चा. काळ १८५६ चा, शहर लखनौ. मिर्झा सज्जाद अली (संजीव कुमार) आणि मीर रोशन अली (सईद जाफरी) हे दोन जहागीरदार सकाळपासून रात्रीपर्यंत पटावर बसलेले. तिकडे ईस्ट इंडिया कंपनी अवध घशात घालायच्या तयारीत आहे, जनरल औट्रम (रिचर्ड अ‍ॅटनबरो) वाजिद अली शाहला (अमजद खान) गादी सोडायला सांगतोय, आणि या दोघांना वजीर वाचवायची चिंता. निवेदन अमिताभ बच्चनच्या आवाजात.

पश्चिमेकडच्या सिनेमात बुद्धिबळ म्हणजे बुद्धीची खूण. इथे ते व्यसन आहे. दारूसारखं, कबुतरबाजीसारखं. आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही ही बाजू चांगली माहीत होती. पोरगा दिवसभर पटावर बसला तर ‘हुशार आहे’ असं कुणी म्हणायचं नाही, ‘वाया गेला’ म्हणायचे. राय यांनी हे वाया जाणं फार बारकाईने, आणि हसवत हसवत दाखवलं आहे. मिर्झाची बेगम (शबाना आझमी) वैतागून सोंगट्या लपवते. हे दोघे एका वकिलाकडे पट मागायला जातात, तर वकील मरणपंथाला लागलेला. दोघांची नजर मात्र पटावर. शेवटी लिंबू, टोमॅटो, मिरच्या असा स्वयंपाकघरातला ऐवज सोंगट्या म्हणून मांडतात आणि खेळतात! ज्याला हा नाद लागलेला आहे त्याला हा प्रसंग अतिशयोक्त वाटणार नाही.

राजकारण खेळाच्या नियमांतूनच आत येतं. मुन्शी नंदलाल (डेव्हिड) इंग्रजांची पद्धत समजावून सांगतो. त्यांच्याकडे वजिराच्या जागी राणी, आणि प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जातं, त्यामुळे डाव लवकर संपतो. जुन्या हिंदुस्थानी पद्धतीत प्यादं एकच घर चालायचं, डाव निवांत रंगायचा. नियम कुणी बदलले आणि घाई कुणाला आहे, हे राय उघडपणे सांगत बसत नाहीत.

आता शेवट. प्रेमचंदांच्या कथेत दोघे मित्र डावावरून भांडतात, तलवारी उपसतात आणि एकमेकांना मारतात. बादशहासाठी ज्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, त्यांनी लाकडी वजिरासाठी जीव दिला, असा कथेचा डंख आहे. राय यांनी तो बदलला. सिनेमात गोळी सुटते, पण कुणी मरत नाही. इंग्रजी फौज लखनौत शिरल्यावर दोघे पुन्हा पट मांडतात, या वेळी इंग्रजी नियमांनी. वजिराने बाजूला व्हायचं, मलिका व्हिक्टोरिया येतेय. काही समीक्षकांना हा शेवट मवाळ वाटला. मला तो जास्त बोचतो. मेलेल्या माणसाची कीव तरी करता येते. हे दोघे जिवंत राहतात आणि नवे नियम शिकून घेतात.

महाभारतातला द्यूत म्हणजे बुद्धिबळच ना?

नाही. सभापर्वातला खेळ फाशांचा आहे. मालिकांमध्ये चौसरासारखा पट दाखवतात, त्यामुळे घोटाळा होतो. बुद्धिबळाचा पूर्वज चतुरंग. सातव्या शतकातल्या बाणाच्या ‘हर्षचरिता’त त्याचा स्पष्ट उल्लेख येतो. शकुनीला बुद्धिबळपटू म्हणणाऱ्या अग्रलेखांना आता आवरणं कठीण आहे.

मृत्यूशी बुद्धिबळ ही कल्पना बर्गमनची का?

सिनेमात रुजवली या स्वीडिश दिग्दर्शकाने, ‘द सेव्हन्थ सील’मध्ये (१९५७). चित्रात ती फार आधीपासून होती. स्टॉकहोमजवळच्या टॅबी गावच्या चर्चमध्ये आल्बर्टस पिक्टर या चित्रकाराने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात छताजवळ रंगवलेलं एक चित्र आहे: एक माणूस आणि सांगाडा, मध्ये पट. बर्गमनने प्रेरणा तिथून घेतली.

सिनेमात धर्मयुद्धावरून परतलेला सरदार अँटोनियस ब्लॉक समुद्रकिनाऱ्यावर मृत्यूला डावाचं आव्हान देतो. जिंकण्यासाठी नाही, थोडी मुदत मिळावी म्हणून. मृत्यूच्या वाट्याला काळ्या सोंगट्या येतात, आणि त्या आपल्याला शोभतात असं तोही म्हणतो. पुढे चर्चमध्ये ब्लॉक पाद्रीसमोर मन मोकळं करताना आपला बेत सांगून टाकतो, उंट आणि घोडा कसे चालवणार तेही. जाळीपलीकडे पाद्री नसतो, मृत्यू असतो. आणि शेवटाकडे एका कुटुंबाला निसटता यावं म्हणून ब्लॉक मुद्दाम पटावरच्या सोंगट्या पाडतो. डाव हरतो, पण काम साधतो. इतकं गंभीर दृश्य, आणि त्याची विडंबनं मात्र विनोदी सिनेमांपासून व्यंगचित्रांपर्यंत मोजता येणार नाहीत इतकी झाली.

चित्रकलेत बुद्धिबळ कुठे पाहायचं?

सोफोनिस्बा अँग्विसोला या इटालियन चित्रकर्तीपासून सुरुवात करा. तिने १५५५ मध्ये आपल्या तीन बहिणी बुद्धिबळ खेळताना रंगवल्या. चित्र आज पोलंडमध्ये पोझनानच्या संग्रहालयात आहे. मोठी बहीण चाल करून सरळ आपल्याकडे पाहतेय, मधली हात उचलून काहीतरी बोलायच्या बेतात, आणि सगळ्यात धाकटी हरणारीकडे पाहून खुदकन हसतेय. ते हसू प्रत्येक घरातल्या धाकट्या भावंडाचं आहे. त्याआधीच्या काही दशकांतच युरोपात राणीची सोंगटी दुबळीची बलवान झाली होती. मुलींनी बुद्धीचा खेळ खेळावा, तोही चित्रात, हे त्या काळी साधं नव्हतं.

सोंगट्याच पाहायच्या असतील तर लुईसच्या. बाराव्या शतकातल्या, मुख्यतः वॉलरसच्या दातात कोरलेल्या, १८३१ मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सापडलेल्या. बहुतेक ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, काही एडिंबरोला. राणी गालाला हात लावून बसलेली, जणू घरातलं कुणीतरी वेळेवर आलं नाही. एका प्राचीन वस्तू विक्रेत्याने १९६४ मध्ये पाच पौंडांना घेतलेली एक सोंगटी याच संचातली निघाली आणि २०१९ मध्ये सात लाख पस्तीस हजार पौंडांना विकली गेली.

मार्सेल द्युशांने खरंच बुद्धिबळासाठी चित्रकला सोडली?

साधारण तसंच. मूत्रपात्र प्रदर्शनात मांडून कलाजगत हादरवणारा हा माणूस १९२० च्या दशकात बुद्धिबळात बुडाला. ऑलिंपियाडमध्ये फ्रान्सकडून खेळला, १९२५ च्या फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धेचं पोस्टर त्याने केलं, आणि पुढे राजा-प्याद्यांच्या अंतिम डावांवर एका सहलेखकासोबत पुस्तक लिहिलं. ते इतक्या दुर्मिळ स्थितींवर आहे की खेळाडूंनाही त्याचा फारसा उपयोग नाही. त्याच्या पहिल्या बायकोने वैतागून रात्री सोंगट्या पटाला डिंकाने चिकटवून टाकल्याचा किस्सा सांगितला जातो. लग्न काही महिन्यांतच मोडलं, हे मात्र खरं. मिर्झाची बेगम आणि ही बाई भेटल्या असत्या तर त्यांच्या खूप गप्पा झाल्या असत्या.

१९६८ मध्ये टोरांटोत द्युशां आणि संगीतकार जॉन केज रंगमंचावर खेळले. पटाखाली यंत्रणा होती, सोंगटी हलली की आवाज बदलायचे. त्याआधी १९६६ मध्ये कलाकार योको ओनोने सगळी घरं आणि सगळ्या सोंगट्या पांढऱ्या असलेला पट केला. थोड्या चालींनंतर आपलं कोण आणि समोरच्याचं कोण हेच कळेनासं होतं. युद्धविरोधी कलाकृती पुष्कळ असतात, पण ती खेळून बघता येणं दुर्मिळ.

बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राची कल्पना संगणकाआधीची आहे का?

बरीच. १७७० मध्ये व्हिएन्नात फोन केंपेलेनने ‘तुर्क’ नावाचा पगडीधारी यांत्रिक पुतळा दाखवला, जो पेटीमागे बसून माणसांना हरवायचा. नेपोलियनही हरला. पेटीत माणूस लपलेला असायचा. यंत्र १८५४ मध्ये फिलाडेल्फियात आगीत जळालं. पुढे १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाकडून हरल्यावर कास्पारोव्हने संशय घेतला तोही हाच, की आत कुणी माणूस खेळतोय. या वादावर २००३ मध्ये माहितीपट निघाला, त्यात तुर्क आहेच.

मराठी आणि हिंदीत आणखी काय आहे?

हिंदीत ‘वजीर’ (२०१६). अमिताभ बच्चन चाकाच्या खुर्चीतला बुद्धिबळ शिक्षक, फरहान अख्तर पोलीस अधिकारी. कथेचं रहस्य खेळाच्या रूपकावर बेतलेलं आहे. बच्चन पटावर बसलेला असतो तोवर सिनेमा चांगला आहे.

मराठीत त्याच नावाचा सिनेमा १९९४ चा, राजकारणावरचा, विक्रम गोखले आणि अश्विनी भावे यांचा. लोकांना सिनेमापेक्षा त्यातलं ‘सांज ये गोकुळी’ जास्त लक्षात आहे. आपल्याकडे बुद्धिबळ जास्त सापडतं ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत: शह-काटशह, प्यादी, वजीर, पटावरची चाल. निवडणूक लागली की प्रत्येक जिल्ह्याचा पट होतो.

विषयांची वानवा नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, वय एकोणीस. कॅमेऱ्यांनी टिपलेला तिचा आईच्या मिठीतला रडवेला चेहरा कुठल्याही अभिनयापेक्षा सरस होता.

बुद्धिबळ पाहायला कंटाळा येत नाही?

कोण समजावून सांगतंय त्यावर आहे. २०२० च्या टाळेबंदीत विनोदवीर समय रैनाने यूट्यूबवर खेळायला सुरुवात केली आणि नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी, मुंबईचा सागर शहा त्याच्यासोबत येत गेले. चुका करणारा विनोदवीर आणि कपाळाला हात लावणारा ग्रँडमास्टर, ही जोडी जमली. नियमही न येणारी माणसं तासन्‌तास पाहत बसली.

मेस्सी आणि रोनाल्डोच्या त्या फोटोतला डाव खरा आहे का?

हो. दोघे फुटबॉलपटू एका बॅगेवर बुद्धिबळ खेळताना दिसतात असा, लुई व्हितॉन या बॅग बनवणाऱ्या कंपनीसाठी अ‍ॅनी लीबोव्हिट्झने काढलेला तो फोटो २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर आला. बॅगेवर मांडलेली स्थिती २०१७ च्या नॉर्वे स्पर्धेतल्या कार्लसन आणि नाकामुरा या ग्रँडमास्टरांच्या बरोबरीत सुटलेल्या डावातली आहे.

मुलांना घेऊन काय पाहू?

अगदी लहानांसाठी पिक्सारचा ‘गेरीज गेम’ (१९९७). बागेत एक आजोबा स्वतःशीच खेळतात आणि स्वतःलाच फसवतात. पाचेक मिनिटांचा, संवाद नाहीत, ऑस्कर मिळालेला. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मीरा नायर यांचा ‘क्वीन ऑफ काट्वे’ (२०१६), युगांडातल्या वस्तीत वाढलेल्या फिओना मुटेसीची खरी कहाणी. ‘सर्चिंग फॉर बॉबी फिशर’ (१९९३) मुलांसोबत पाहा, पण तो खरं तर पालकांसाठी आहे. स्पर्धेच्या हॉलबाहेर ताटकळणाऱ्या आईबापांनी तर नक्कीच पाहावा. त्यातही आईबापांना एका खोलीत कोंडून ठेवतात, आणि मुलं टाळ्या वाजवतात.